माणिकप्पांनी आखलेलं मैदान

माझ्या सेवानिवृत्तीचा सत्कार ठरला होता आणि तो मीच रद्द करायला लावला. त्यावरून सध्या गावात तीन अफवा फिरतायत. पहिली, संस्थेच्या अध्यक्षांशी माझं वाजलं. दुसरी, मानपत्रात माझं नाव चुकलं म्हणून मी ते भिरकावून दिलं. तिसरी, मला आतून काहीतरी मोठा आजार आहे. माझ्या रागाची ख्याती अशी, की पहिल्या दोन अफवा लोकांनी कसलीही चौकशी न करता खऱ्या मानल्या. खरं कारण मी संस्थेला लेखी दिलंय. त्यांनी ते वाचून कपाटात ठेवलं आणि 'सर, झालं गेलं, आता कशाला' म्हणाले. म्हणून इथं लिहितो. कारण माणिकप्पा आहेत, आणि ते कोण इथपासूनच सुरुवात करावी लागेल.

ढोकीहून तेरकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमची करंजवाडी. तिथल्या हायस्कुलात मी तेहतीस वर्षं खेळाचा शिक्षक होतो. आमचा धाराशिव जिल्हा बाहेरच्या लोकांना दोनच गोष्टींनी ठाऊक, तुळजापूरची भवानी आणि पाण्याचा टँकर. पण आमच्याकडं खो-खोही आहे. ज्या घरात सायकल नाही त्या घराच्या भिंतीवर खो-खोचं प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं मी पाहिलंय. या खेळाला बूट लागत नाहीत, बॅट लागत नाही. दोन खांब, चांगली माती आणि न दमणारे पाय असले की भागतं. पाय पोरींचे, शिव्या माझ्या आणि माती माणिकप्पांची, अशी आमची वाटणी होती.

माणिकप्पा शाळेत रोजंदारीवर शिपाई होते. मूळचे उमरग्याकडचे, निम्मं बोलणं कानडी वळणाचं. लहानपणी चुन्याच्या भट्टीवर काम केलेलं, त्याच्या खुणा दोन्ही हातांवर होत्या. खो-खो त्यांना अजिबात खेळता येत नव्हता. एकदा पोरींनी आग्रह करून त्यांना चौकोनात बसवलं, तर खो मिळाल्यावर ते उठून पळायच्या ऐवजी "व्हय, काय पायजे?" म्हणाले. पोरी आठवडाभर हसत होत्या. पण मैदान करावं ते माणिकप्पांनीच. उन्हाळ्यात तेरणेच्या कोरड्या पात्रातून ते बैलगाडीनं गाळाची माती आणायचे आणि चाळून मैदानावर पसरायचे. चाळायला घरची पिठाची चाळण. त्यांच्या बायकोचं, लक्ष्मम्माचं म्हणणं, "आमच्या भाकरीत नदी येती." ती भांडायची, ते हसायचे आणि दुसऱ्या दिवशी चाळण परत मैदानावर यायची.

रोज सकाळी पोरी यायच्या आधी ते अख्ख्या मैदानावर अनवाणी चालायचे. सावकाश, तळपायानं चाचपत. खडा लागला की वाकून उचलायचे आणि सदऱ्याच्या खिशात टाकायचे. मी एकदा चिडवलं, "माणिकप्पा, खडे विकायचा धंदा काढलाय का?" तर म्हणाले, "सर, पोरी तोंडावर पडत्यात. त्यांच्या तोंडाखाली काय हाय ते मला म्हाईत असावं."

तोंडावर पडतात, म्हणजे सूर मारतात. खांबाजवळ पळणारीला शिवायला पाठलाग करणारी अंग झोकून देते, एका हातानं खांब धरते आणि दुसरा हात लांब टाकते. आमच्या शाळेत हा सूर पौर्णिमासारखा कुणीच मारला नाही, आधीही नाही आणि नंतरही नाही. ती बुद्धवाड्यातली, बुद्धघोषची मुलगी. बुद्धघोष तेरच्या एका दुकानात हमाली करायचा. पोरगी नववीत होती तेव्हा राज्याच्या संघाच्या निवड चाचणीचं पत्र तिच्या नावानं आलं. शाळेच्या इतिहासात पहिलंच. मी ते पत्र खिशात घालून पंधरा दिवस गावभर मिरवलं, जणू मलाच पळायला बोलावलं होतं.

श्रावणातल्या रविवारी मी पोरींना येडशीच्या रामलिंगला न्यायचो. तिथं घाटाच्या जंगलात खोल दरी आहे, तळाशी महादेवाचं देऊळ आणि मागं धबधबा. खाली उतरायला पायऱ्या. लोक दर्शनाला यायचे, आमच्या पोरी दम वाढवायला. दहा वेळा खाली, दहा वेळा वर. माणिकप्पा वरच्या पायरीवर पाण्याची घागर घेऊन बसायचे आणि माकडांपासून पोरींच्या डब्यांची राखण करायचे. पौर्णिमा दहा फेऱ्या करून यायची आणि अकराव्या फेरीला त्यांना हाताला धरून ओढायची, "आप्पा, चला की." ते दोन पायऱ्या उतरून परत वर यायचे.

आता ती सकाळ सांगतो. बारा वर्षं झाली.

तालुक्याच्या शालेय स्पर्धा आमच्या मैदानावर होत्या. आदल्या संध्याकाळी परतीचा पाऊस झाला आणि आखलेल्या सगळ्या रेघा धुऊन गेल्या. मैदान आखायची फक्की, म्हणजे ती पांढरी भुकटी, ओसरीत ठेवली होती तीही भिजून तिचे गोळे झाले. उद्घाटनाला नऊ वाजता पाहुणे येणार होते. माणिकप्पा माझ्याकडं आले.

"सर, फक्की गेली. ढोकीवरनं आणतो, तासभर द्या."

"तासभर? पाहुण्यांना काय मोकळ्या मैदानाभोवती फिरवू? ती कोपऱ्यात पांढरी पोती कसली आहेत?"

"त्यो भिंतीला लावायला आणल्याला चुना हाय, सर. कळीचा. इझवल्याला न्हाय. वल्या अंगाला लागला की भाजतो." त्यांनी हातांवरचे डाग पुढं केले. "पोरी तोंडावर पडत्यात."

मी त्या हातांकडं पाहिलंसुद्धा नाही. सकाळपासून माझं डोकं फिरलेलं होतं. मांडववाल्यानं खुर्च्या कमी पाठवल्या होत्या, हेडमास्तर दर दहा मिनिटांनी 'सर, झालं का' विचारत होते. मी सगळ्यांसमोर ओरडलो, "माणिकप्पा, मैदान मला शिकवू नका. एक दिवसाचा प्रश्न आहे. कुटा आणि टाका. जमत नसेल तर दुसरा माणूस बघतो."

अठरा वर्षं ते कायम होण्याची वाट बघत होते. दुसरा माणूस बघतो, हे वाक्य मी त्यांना कुठं लागेल ते ओळखूनच बोललो. त्यांनी चुना कुटला, तो रेघ दिसेल इतपतच ठेवून त्यात बाकी माती मिसळली, आणि नऊच्या आत मैदान आखून दिलं. पाहुणे म्हणाले, "वा, काय मैदान आहे!" मी हात जोडले.

दुसऱ्या डावात पौर्णिमानं खांबावर सूर मारला. पळणारी शेवटच्या क्षणी वाकली, पौर्णिमाचा खांबावरचा हात सुटला आणि ती ओल्या मातीत तोंडावर घसरत रेघेवर गेली. उठली ती उजवा डोळा दाबून किंचाळतच.

माणिकप्पा कुठून धावत आले कुणास ठाऊक. हातात पाण्यानं भरलेली घागर. "सर, बाजूला व्हा! पानी वतायचं, लई वतायचं, धू धू धुवायचं!"

मी त्यांचा हात धरला. घागर हिसकावून बाजूला ढकलली, ती कलंडली. "चुन्यावर पाणी ओतता? उकळेल तो! पोरीचा डोळा शिजवायचाय का?"

भिंती रंगवताना पिंपात चुना भिजवलेला आपण सगळ्यांनीच पाहिलाय. पाणी पडलं की तो खदखदतो, वाफ येते. मला एवढंच माहीत होतं आणि तेवढ्यावर मी शहाणा झालो. भट्टीवर वाढलेला माणूस समोर ओरडून सांगत होता आणि मी कोरड्या रुमालानं तिचा डोळा पुसत बसलो. मग जीप, मग धाराशिव, मग सोलापूर. सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासून मला बाहेर बोलावलं. म्हणाले, "जागेवर घागरभर पाणी ओतलं असतं तर डोळा बराचसा वाचला असता. तिथं एकालाही सुचलं नाही?"

मी म्हणालो, "नाही."

पौर्णिमाचा उजवा डोळा कायमचा पांढुरका झाला. उजेड-अंधार कळतो, बाकी काही नाही. चाचणीचं पत्र माझ्या खिशातच राहिलं.

पुढच्या आठवड्यात संस्थेनं विचारणा केली. हेडमास्तरांच्या खोलीत मी, माणिकप्पा आणि संस्थेचे दोघं. "मैदानावर चुना कुणी टाकला?" मी म्हणालो, "माणिकप्पांनी." पाहा, यात एक अक्षर खोटं नाही. वकिलाला लाजवेल असं ते उत्तर होतं. त्यांनी माणिकप्पांकडं पाहिलं. माणिकप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवरच्या नकाशाकडं पाहत होतो. थोड्या वेळानं ते म्हणाले, "व्हय. म्याच टाकला." त्याच दिवशी त्यांचं काम गेलं. रोजंदारीच्या माणसाला काढायला कागदही लागत नाही.

मी गप्प का बसलो? माझी नोकरी, पोरांची शिक्षणं, ही कारणं मी स्वतःला पुष्कळदा सांगितली. ती खरी होती, पण पुरी नव्हती. मला सर म्हणून घ्यायची चटक लागली होती. ज्या माणसाच्या शब्दावर वीस पोरी एकदम उठतात आणि एकदम बसतात, त्याला 'माझं चुकलं' हे वाक्य तोंडातून काढायची सवयच राहत नाही.

माणिकप्पा मात्र सोलापूरच्या दवाखान्यात रोज जायचे. एसटीनं. पेरू घेऊन, कधी डाळिंब घेऊन. पौर्णिमानं पहिल्याच दिवशी पेरू भिंतीवर फेकून मारले. "ह्यांना घालवा, ह्यांचं तोंड मला दाखवू नका." तिची आई मुक्ताबाई दारात आडवी उभी राहिली. ते फळं दाराबाहेर ठेवून खाली फाटकापाशी बसायचे. मी आत तिच्या उशाशी. पोरगी माझा हात धरून झोपायची.

पुढं मी तिच्यासाठी जे काही केलं ते सगळं गावानं पाहिलं आणि वाखाणलं. एका डोळ्यानं अंतराचा अंदाज येत नाही, म्हणून खांबाचा खेळ संपला होता. मी तिला पळणारी म्हणून तयार केलं. रोज पहाटे पाचला तिच्या दारात जायचो. ती यायची नाही म्हणायची, मी बाहेर पायरीवर बसून राहायचो. सहा महिन्यांनी ती उठून आली. कॉलेजात जिल्ह्यापर्यंत खेळली. लोक म्हणायचे, असा गुरू मिळायला भाग्य लागतं. मी खाली मान घालायचो, तर म्हणायचे, किती नम्र!

तिला पोलिसात जायचं होतं. भरतीचं मैदान तिनं मारलं, लेखी परीक्षा मारली. डोळ्यांच्या तपासणीत बाहेर. काहीतरी सवलत निघेल अशी आशा मीच तिला लावली होती. त्या दिवशी धाराशिवच्या स्टँडवर आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. तिचे सगळे कागद माझ्या हातात. येडशीची गाडी आली आणि तिच्यातून माणिकप्पा उतरले, डोक्यावर मक्याच्या कणसांचं पोतं. काम गेल्यावर त्यांनी रामलिंगला चपला सांभाळायची जागा धरली होती, जोडीला कणसं विकायचे. आम्हाला पाहून ते थबकले. मग हळूच विचारलं, "पोरी, काय झालं? लागली का?"

ती उठली. अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. "तुमच्यामुळं झालं हे. तुमच्या एका आळसामुळं. जाऊन फक्की आणायचा कंटाळा आला तुम्हाला. माझं आयुष्य खाल्लं तुम्ही, आणि वर विचारताय लागली का?" माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, "काय ओ म्हातारबा, काय केलं पोरीचं?" माणिकप्पांनी पोतं खाली ठेवलं, हात जोडले आणि मान खाली घालून तसेच उभे राहिले. मध्येच एकदा त्यांनी माझ्याकडं पाहिलं. बोला, असं त्या नजरेत नव्हतं. मी काय करतो एवढंच ते बघत होते. मी कागद नीट लावायला लागलो. लावलेलेच होते, तरी लावत राहिलो.

त्या दिवसानंतर मी रामलिंगला गेलो नाही. श्रावणातला पोरींचा सराव मी दुसऱ्या टेकडीवर नेला. कुणी विचारलं तर सांगायचो, तिथं माकडं फार झालीत.

पौर्णिमा आता सव्वीस वर्षांची आहे. धाराशिवला एका क्लबात लहान मुलींना खो-खो शिकवते. शिकवते चांगलं, माझ्यापेक्षा चांगलं, कारण ती ओरडत नाही. सत्काराच्या चार दिवस आधी ती माझ्या घरी आली. सत्कारात विद्यार्थ्यांच्या वतीनं तिचं भाषण होतं. "सर, एकदा ऐकून घ्या, काही चुकलं असेल तर सांगा," म्हणाली आणि वाचायला लागली. लिहिलं होतं सुरेखच. तिसऱ्या परिच्छेदात वाक्य आलं, 'दुसऱ्याच्या चुकीनं माझा उजवा डोळा गेला, तेव्हा सर माझा उजवा डोळा झाले.'

मी म्हणालो, "थांब." तिला वाटलं शब्द खटकला. पेन काढलं तिनं.

"ती चूक माझी होती," मी म्हणालो. एवढं निघाल्यावर पुढचं निघालं. माणिकप्पा तासभर मागत होते, त्यांनी हात दाखवले होते, मी टाकायला लावलं, नोकरीची भीती घातली, आणि चौकशीत त्यांचं नाव घेतलं. सगळं सांगितलं. पाण्याचं सांगितलं नाही. सांगणार होतो, पण जिभेवर आलं आणि वाटलं, एवढं पुरे झालं, एका दिवसात किती सांगायचं. इतक्या वर्षांनी खरं बोलायला बसलो आणि त्यातही हातचं राखलं.

ती म्हणाली, "स्टँडवर तुम्ही माझ्या शेजारी होतात."

"होतो."

"माझे कागद तुमच्या हातात होते."

"हो."

"डोळा गेला तो गेला, सर. चुका होतात. पण त्या माणसाला मी जे जे बोलले, ते तुम्ही मला बोलू दिलंत." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. तिनं भाषणाचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि स्कूटीची किल्ली घेतली. "चला."

"कुठं?"

"रामलिंगला. तुम्ही माझ्यासमोर बोललात ना, आता त्यांच्यासमोर बोला."

येडशीपर्यंत मी तिच्या मागं बसून गेलो. श्रावण होता, भुरभुर चालू होती, घाट हिरवागार झालेला. ज्या रानाकडं एरवी आठ महिने बघवत नाही तिथं गाड्याच गाड्या लागलेल्या, माणसं धबधब्यापुढं फोटो काढत होती, पोरं माकडांना शेंगा टाकत होती. एवढ्या आनंदी गर्दीत मी फाशीच्या कैद्यासारखा चाललो होतो.

पायऱ्यांच्या तोंडाशी एका झाडाखाली ताडपत्री बांधलेली, तिच्याखाली लाकडी फळ्यांवर चपलांच्या रांगा. माणिकप्पा पोत्यावर बसले होते. अर्धे राहिले होते. पौर्णिमाला पाहिलं आणि ते उठून उभे राहिले, दोन्ही हात जोडले, मान खाली घातली. अगदी स्टँडवर उभे होते तसेच. ती पुन्हा बोलणार, आणि आपण ते ऐकून घ्यायचं, अशी त्यांनी तयारीच केली.

पौर्णिमानं पुढं होऊन त्यांचे हात धरले. "हात खाली घ्या, आप्पा." "सरांनी सांगितलं मला. चुना त्यांनी टाकायला लावला. तुम्ही नको म्हणत होतात."

माणिकप्पा माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं आता हा माणूस रडेल, किंवा शिव्या देईल. मी दोन्हींसाठी तयार होतो.

त्यांनी विचारलं, "आन् पान्याचं?"

"कसलं पाणी?" पौर्णिमानं विचारलं. ती माझ्याकडं वळली. "कसलं पाणी, सर?"

माणिकप्पा खाली बसले आणि उगाच चपला नीट लावायला लागले. ते सांगणार नव्हते. मग मीच सांगितलं. घागर कशी हिसकावली, काय ओरडलो, डॉक्टर काय म्हणाले, मी त्यांना काय उत्तर दिलं. लोक चपला ठेवायला येत होते, माणिकप्पा बिल्ले देत होते, आणि मी मधे मधे थांबून सांगत होतो.

पौर्णिमाचा हात आपोआप उजव्या डोळ्याकडं गेला. "म्हणजे राहिला असता."

"बराचसा, असं डॉक्टर म्हणाले होते."

ती रडली नाही. तिनं माझ्याकडं पाठ केली आणि माणिकप्पांच्या समोर उकिडवी बसली. "तुम्ही का नाही बोललात, आप्पा? मी दवाखान्यात पेरू फेकले तेव्हा, स्टँडवर बोलले तेव्हा. एकदा तरी म्हणायचं होतं."

"म्हणलं असतं तर काय झालं असतं?" माणिकप्पा म्हणाले. "तवा तू घरातनं बाहीर येत न्हवतीस. सर रोज पाचला तुझ्या दारात बसायचे, ते म्या बघत व्हतो लांबनं. गावात तुला पळवनारा दुसरा मानूस न्हवता. त्याच्यावरचा भरवसा गेला असता, तर तू अंथरुणातच ऱ्हायली असतीस. माझं काय? म्या कुठंबी पोटापुरतं कमवीन."

तिनं समोरची एक सुटी चप्पल उचलून जोडीला लावली.

"आन् म्या काय लई धुतल्या तांदळासारखा न्हाय, पोरी," ते हळू आवाजात म्हणाले. "चुना काय करतो ते सरांना ठाव न्हवतं, मला व्हतं. ज्याला ठाव हाय त्यानं टोपलं खाली ठिवायला पायजे व्हतं. काम जाईल म्हनून म्या भ्यालो आन् टाकला. तू बोललीस त्यातलं निम्मं बरोबरच व्हतं. म्हनून ऐकून घेतलं."

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय मागं घेतले. "र्‍हाऊ द्या, सर. इथं लोक बघत्यात." मग मला काय करावं सुचेना. मी चपला काढल्या. त्यांनी सवयीनं त्या उचलून फळीवर ठेवल्या आणि माझ्या हातात पत्र्याचा बिल्ला दिला. मी पायऱ्या उतरून खाली गेलो.

देवळात गेलो नाही. पाण्याच्या कडेला एका दगडावर बसलो. वरून पाणी कोसळत होतं, ओली पोरं हसत ओरडत होती. माझ्या संघानं या पायऱ्यांवर किती घाम गाळला होता आणि त्या माणसानं वर बसून किती घागरी भरल्या होत्या, ते आठवत होतं. मनात आलं, निदान आता हलकं तरी वाटायला हवं. सगळं सांगून टाकलं की हलकं वाटतं म्हणतात. मला तसं काही वाटलं नाही. माझा सगळा मोठेपणा, तो मानपत्रातला गुरू, माणिकप्पांनी गप्प राहून सांभाळला होता. तो माझ्यासाठी सांभाळला होता असंही नाही. पोरीसाठी सांभाळला होता. मी मध्ये नुसता वापरला गेलो होतो, आणि वापरला गेलो तेच बरं झालं, नाहीतर माझा काही उपयोगच झाला नसता.

तासाभरानं वर आलो. सोमवार असल्यामुळं गर्दी वाढली होती, चपलांसमोर रांग लागली होती. माणिकप्पा बाजूला भाकरी खात बसले होते. पोत्यावर पौर्णिमा बसली होती. ओढणी कमरेला बांधून ती लोकांकडून बिल्ले घेत होती, चपला काढून देत होती. एका डोळ्यानं नंबर वाचायला तिला मान जरा तिरकी करावी लागत होती. मी रांगेत उभा राहिलो.

माझा नंबर आला. तिनं माझ्या हातातला बिल्ला घेतला, मान तिरकी करून वाचला, चपला शोधून माझ्यापुढं ठेवल्या. बारा वर्षं ती मला जिथं भेटेल तिथं वाकून पाया पडायची, मी नको नको म्हणायचो आणि आतून सुखावायचो. मी तिथं थोडा जास्तच वेळ उभा राहिलो असेन, कारण मागचे लोक कुरकुरायला लागले.

तिनं मान वर केली नाही. "पुढचे या," ती म्हणाली.